कूलरवालीचा डावा खिसा

पहिल्यांदा मी तिला उडायला लावलं होतं.
सीताबर्डीच्या टेकडीवरून, पाठीवर लाल झूल,
खाली ऑटो, हातगाड्या, तोंड वर करून बघणारी माणसं.
मे महिना. सत्तेचाळीस.
तिसऱ्याच चौकटीत ती खाली उतरली,
झुलीनं मान पुसली आणि म्हणाली,
"कायले गुंडाळून रायली वं मले या गोधडीत?"

बरोबर होतं तिचं.
या शहरात वाचवणारं माणूस उडत नाही.
ते शिडी खांद्यावर घेऊन दुपारी दोनला येतं,
कूलरच्या वाळक्या ताट्या उपसतं,
पंख्यात अडकलेली पाल शेपटीला धरून
कुंडीमागे नेऊन ठेवतं,
मग पाणी मागतं.

नाव मिळायला चार दिवस गेले.
आईनं जपलेल्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा सोडला,
एका पत्रिकेतून कुंदा घेतलं, दुसरीतून लांजेवार.
दोन्ही घरांना पत्ता लागणार नाही.
भुवया घेतल्या सक्करदऱ्यातल्या एका चक्कीवालीच्या,
पिठानं पांढऱ्या झालेल्या.
आणि उभं राहणं,
एक पाय दुसऱ्यावर टेकवून, भिंत नसतानाही टेकल्यासारखं,
ते शरदचं. माझ्या भावाचं.
आईनं पान हातात घेतलं,
"ही अशी काऊन उभी आहे?" म्हणाली,
आणि उत्तर न घेता दूध बघायला गेली.
दूध अजून गॅसवर ठेवलेलंच नव्हतं.

संपादक म्हणाले, हिच्याकडे शक्ती काय?
मी म्हटलं, हिला आवाजावरून कळतं
पंप कोरडा चाललाय की माणूस.
ते हसले. म्हणाले, आणि शत्रू?
मी म्हटलं, बघू.

नऊ पानं ती नुसती चांगली होती.
चांगलं माणूस काढताना हाताला झोप येते हो.
सगळे लोक तिला चहा विचारायचे,
ती सगळ्यांना हो म्हणायची,
आणि मी जांभया देत तिच्या वेणीत रेषा भरायचे.

दहाव्या पानावर त्रिमूर्तीनगरच्या एका म्हाताऱ्याला
ती खोटं बोलली.
पंप जळला, म्हणाली. जळला नव्हता.
साडेचारशे रुपये मोजून घेतले,
चांगला पंप पिशवीत टाकला,
आणि घरी पोचेपर्यंत सतरा चौकटी
ती कुणाशी बोलली नाही.
मी ठरवलं नव्हतं हे. शप्पथ.
त्या सतरा चौकटींत
रिंगरोडचे दिवे तिच्या चेहऱ्यावरून सरकत गेले,
आणि पहिल्यांदाच मला वाटलं,
ही रस्त्यात भेटली तर मी ओळख दाखवायला बिचकेन.

आता खिशाचं सांगते.
अगदी पहिल्या पानावर शाईचा थेंब पडला होता,
तिच्या सदऱ्यावर, डाव्या बाजूला.
पान फाडायचा कंटाळा आला,
म्हणून थेंबाभोवती खिसा काढला. फुगलेला.
तेव्हापासून प्रत्येक चौकटीत
तो फुगलेला खिसा मला काढावा लागतो.
शिडीवर, उन्हात, लग्नाच्या पंगतीत,
झोपेतसुद्धा तिची कूस त्या बाजूला वळत नाही.

शेजारचा तन्मय विचारतो, काय आहे त्यात?
त्याच्या मते पाना. त्याच्या बहिणीच्या मते पालीचं पिल्लू.
मी हसून म्हणते, पुढच्या अंकात.
मला माहीत नाही.
तीन वर्षं झाली, मला माहीत नाही,
आणि हेही कळलंय की ज्या दिवशी माहीत होईल
त्या दिवशी ती फक्त चित्र होईल.

काल रात्री धीर केला.
लाइन गेली होती, मेणबत्ती लावली,
शेवटची चौकट आखली, मोठी, अर्ध्या पानाची.
तिचा हात खिशाकडे नेला.
बोटं आत गेली, मनगटापर्यंत.
तिथं ती थांबली.
एक पाय दुसऱ्यावर टेकवून
तिनं कागदातून सरळ माझ्याकडे पाहिलं.
"आधी तुहा दाखव," म्हणाली.

पेनाला टोपण लावायचं राहिलं.
सकाळी निब वाळून गेली होती.